फणसाखालचा दगड

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मंदारला नाही — तो माझा नवरा, वीस वर्षं एका छताखाली राहतो आम्ही — आणि रेवाला, आमच्या मुलीला, तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझ्यासमोर बसलेले नाही. याला धैर्य म्हणायचं की ही पुन्हा एक पळवाटच, ते मला कळत नाही. बरंच काही कळत नाही. ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे तुमचा हिरमोड व्हायला नको.

तशी गोष्ट चार ओळींची आहे. एका म्हाताऱ्या माणसाने मला एक काम सांगितलं होतं. दगडावर काय लिहिलंय ते वाचता आलं तर कळव, म्हणाला होता. मला वाचता आलं. मी कळवलं नाही.

पण असं सांगितलं की वाटतं, विसरली असेल बिचारी, संसाराच्या धबडग्यात राहून गेलं असेल. नाही हो. मी विसरले नव्हते. एक दिवसही विसरले नव्हते.

शमीमपासून सुरुवात करायला हवी. रेवा झाली तेव्हा आम्ही शारजात राहायचो आणि समोरच्या दारात शमीम. रत्नागिरी जिल्ह्यातली, दाभोळच्या खाडीकाठची. तिचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ, आणि माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात. बाळंतपणाला मला माहेर नव्हतं. आई लवकर गेलेली. बाबा एकटे, आणि तेही — ते पुढे सांगते. तर माझं माहेरपण शमीमने केलं. चाळीस दिवस सकाळी दार वाजायचं आणि ती अळिवाची खीर घेऊन उभी असायची. मी नको म्हटलं तर म्हणायची, 'यल्ला, नखरे नको, गिळ.' पुढे तिच्या नवऱ्याला, अश्रफभाईंना, फुजैराला जहाजांना तेल पुरवणाऱ्या एका कंपनीत काम मिळालं, ते तिकडे गेले. आम्ही दुबईत, सिलिकॉन ओएसिसला आलो. तरी महिन्या-दोन महिन्यांनी एक शुक्रवार ठरलेला असायचा, कधी त्यांच्याकडे, कधी आमच्याकडे. अजूनही असतो. तेच तर आहे ना.

रेवा आठ वर्षांची असताना शमीमच्या धाकट्या भावाचं लग्न झालं. मंदारला रजा नव्हती, म्हणून मी आणि रेवा दोघीच तिच्या गावी गेलो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सगळं घर झोपा काढत होतं आणि तिचे अब्बा मला मागच्या वाडीत घेऊन गेले. अब्बा आयुष्यभर जहाजावर खलाशी होते. बारीक, वाकलेले, लुंगी आणि बनियन. वाडीच्या टोकाला फणस, आणि फणसाखाली एक कबर. डोक्याशी काळा, कमरेएवढा दगड.

ते म्हणाले, हे माझे आजोबा. फौजेत सुभेदार होते, पठाणांच्या मुलखात, सरहद्दीवर लढले. परत आले, इथेच पेन्शन खाल्ली, इथेच गेले. हा दगड कुणीतरी बाहेरून पाठवला. वर दोन ओळी उर्दू, त्यात नाव, ते त्यांनी मला वाचून दाखवलं. खाली इंग्रजी — आणि ते इंग्रजी त्यांच्या घरात कुणालाच पूर्ण वाचता आलेलं नव्हतं. त्यांच्या वडिलांना इंग्रजी येत नव्हतं, आणि शमीम शिकेपर्यंत अक्षरं झिजून गेलेली. मी वाकून पाहिलं. 'फ्रंटियर' एवढा एक शब्द लागला. मग अब्बा घरातून तांब्या घेऊन आले आणि त्यांनी दगडाच्या माथ्यावरून हळूहळू पाणी सोडलं. ओल्या दगडावर अक्षरं जरा गडद झाली. तेवढ्यात मी फोटो काढला.

'तू शिकलेली आहेस, बाय,' ते म्हणाले. 'घरी जाऊन बघ निवांत. वाचता आलं तर कळव हां.'

मी म्हटलं, नक्की कळवते, अब्बा. तेव्हा ते अगदी मनापासून म्हटलं होतं. हे माझ्या बाजूने म्हणून नाही सांगत, फक्त तसं होतं म्हणून सांगते.

आता माझ्या बाबांचं. बाबा पुण्यात एका अनाथाश्रमात वाढले. आडनाव तिथल्या रजिस्टरने दिलेलं, जन्मतारीखही. त्यामुळे आम्हाला गाव नाही, कुलदैवत नाही, आजोबा नाही, काही नाही. 'तुमचं मूळ गाव कुठलं?' हा प्रश्न मराठी माणूस नाव विचारायच्याही आधी विचारतो. दुबईतल्या मंडळात तर हटकूनच. मी 'पुणंच' म्हणायचे आणि समोरचा म्हणायचा, 'हो, पण मूळ?' आणि माझं सासर म्हणजे — त्यांचा छापील कुळवृत्तांत आहे, चांगला जाडजूड. कोण कुठल्या शतकात कोकणातून घाटावर आला, कुणाला कुणी सनद दिली, सगळं. मला कधी कुणी टोमणा मारला नाही. उलट सगळे सांभाळून घ्यायचे. सांभाळून घेणं किती टोचतं, हे ज्याला घेतलं जातं त्यालाच विचारा.

त्या वर्षी हिवाळ्यात सासरे आमच्याकडे राहायला आले होते. त्यांना आम्ही नाना म्हणायचो. रेवाच्या शाळेत हेरिटेज वीक निघाला: घराण्यातला एक हीरो निवडा, पोस्टर करा, वर्गात बोला. संध्याकाळचे चार वाजले असतील. नाना सोफ्यावर चहा पीत होते आणि कुळवृत्तांतातले एकेक मोहरे काढून नातीपुढे ठेवत होते. रेवाने सगळे ऐकून घेतले आणि माझ्याकडे वळली.

'आई, व्हॉट अबाउट युअर साइड? डोंट यू हॅव एनीबडी?'

मी काही बोलायच्या आत नाना म्हणाले, अगदी प्रेमाने, 'तिच्याकडचं राहू दे हं, बाळ.'

राहू दे. बस, एवढंच. ते वाईट बोलले का? नाही. मला वाचवायलाच बोलले. मग माझ्या पायापासून डोक्यापर्यंत आग का गेली? मी कपड्यांच्या घड्या घालत होते. हातातला टॉवेल ठेवला, फोन उचलला, आणि तो फोटो शोधला. आणि — हे मला लख्ख आठवतं — आधी तो कापला. वरच्या उर्दू ओळी गेल्या, खालचं इंग्रजी राहिलं. मग फोन रेवापुढे धरला आणि म्हटलं, हे माझे पणजोबा. सरहद्दीवर लढले होते.

उचलली जीभ लावली टाळ्याला. नाव काय, रेवाने विचारलं. मी म्हटलं गणपत. कळलं कसं, नानांनी विचारलं. मी म्हटलं बाबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत एक कागद मिळाला, त्यात गाव होतं, मे महिन्यात शमीमकडे गेलो तेव्हा रेवा झोपलेली असताना एकटीच जाऊन पाहून आले, नक्की कळल्याशिवाय बोलायचं नव्हतं. नानांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं. 'पण ही तर पुरल्याची खूण दिसते. आपल्यात दहन असतं ना?' हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. सगळं उसनं आणलं, पण आणली ती कबर, आणि आणणारी कोण, तर जाळणाऱ्यांच्या घरातली सून! मी म्हटलं, समाधी आहे, फौजेतल्या माणसांना मान म्हणून देत असत. नानांनी मान हलवली. त्यांना विश्वास ठेवायचाच होता. माझ्यासाठी आनंद झाला होता त्यांना. डोळे भरून आले होते त्यांचे, आणि मला कळत नव्हतं, मी आत्ता जिंकले की काय झालं.

तुम्ही म्हणाल, बस? पोरीच्या पोस्टरसाठी मारलेली एक थाप? मीही स्वतःला तेच सांगत आले. पण कबुली द्यायची आहे ती याची नाही.

दुसऱ्या दिवशी रेवा शाळेत, नाना खाली बागेत फिरायला. पोस्टरवर मजकूर हवा होता, म्हणून मी पूर्ण फोटो लॅपटॉपवर घेतला. काळा-पांढरा केला, उजेड-अंधार कमीजास्त केला, एकेक अक्षर मोठं करून पाहिलं. दुपारपर्यंत बसले होते. कुठे नुसता खालचा फाटा दिसायचा, कुठे गोल. आणि मग एकाएकी लागलं. सगळं. सहा ओळी, एकही शब्द न सुटता.

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. इतका आनंद झाला की घरात कुणी नव्हतं तरी मोठ्याने म्हटलं, 'लागलं!' आणि पहिली गोष्ट काय केली असेल? शमीमला फोन लावला. खरंच लावला. दोनदा रिंग गेली — आणि माझी नजर टेबलावरच्या पोस्टरकडे गेली. रेवाने वर रंगीत अक्षरांत 'माय ग्रेट-ग्रेट-ग्रँडफादर' लिहून ठेवलं होतं, खाली मजकुरासाठी जागा सोडून.

मी फोन कापला.

दोन मिनिटांनी शमीमचाच आला. 'मिस कॉल दिलास? सब ठीक ना?'

'चुकून लागला गं,' मी म्हटलं.

हीच ती जागा. मी कितीदा तिथे परत जाते. त्या क्षणी सांगता आलं असतं ना? 'अब्बांना सांग, वाचता आलं' — एवढंच म्हणायचं होतं. पोस्टरचं सांगायचीही गरज नव्हती. फुजैराच्या शमीमला सिलिकॉन ओएसिसच्या शाळेतलं पोस्टर दिसणार होतं थोडंच? दोन्ही गोष्टी सुखाने झाल्या असत्या. मग का नाही? मला वाटलं, तो मजकूर एकदा त्यांचा झाला की माझा राहणार नाही. असं काहीतरी वाटलं. म्हणजे तोवर मलाच तो माझा वाटायला लागला होता की काय? एका दिवसात? सांगता येत नाही.

रेवाने तो मजकूर वर्गापुढे वाचून दाखवला. आईबापांना बोलावलं होतं. तीस मुलं आणि त्यांचे आईवडील, कुठल्या कुठल्या देशांचे, त्यांनी अब्बांच्या आजोबांचा दगड ऐकला. टाळ्या वाजल्या. अब्बांनी ऐकला नाही.

नानांनी ते पोस्टर फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. भारतात परतल्यावर त्यांच्या चुलतभावाला, बापूकाकांना, सांगितलं. बापूकाका कुळवृत्तांताची नवी आवृत्ती काढत होते. त्यांचा फॉर्म आला: सुनेचं माहेरचं नाव, मूळ गाव, माहेरकडील उल्लेखनीय व्यक्ती. आधीच्या आवृत्तीत माझ्या नावापुढे या रकान्यांत नुसती रेघ होती. मी फॉर्म आठवडाभर पर्समध्ये घेऊन फिरले आणि मग भरला. सोबत कापलेला फोटो पाठवला. पुस्तक छापून आलं. त्यात मी आहे, आणि माझ्या नावाखाली एका कोकणी मुसलमान सुभेदाराची कबर समाधी म्हणून आहे. हसू येतं का तुम्हाला? मला एकदा आलं होतं.

शमीम यायची असली की मी ती फ्रेम काढून पलंगाखाली सरकवायचे आणि पुस्तक कपाटात टाकायचे. चोराच्या मनात चांदणं — ती आली की आधी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहते असं मला वाटायचं. सुरुवातीला एक-दोनदा तिने विचारलंही, 'अब्बा विचारत होते, तुला त्या दगडाचं काही लागलं का?' मी म्हटलं, नाही गं, फार झिजलंय. ती म्हणाली, जाऊ दे, इतकी वर्षं नाही लागलं. आणि माझ्या ताटात मासा वाढला.

मग वादळ झालं. खाडीकाठची घरं उघडी पडली, झाडं गेली. शमीमच्या वाडीतला फणस मुळासकट कबरीवर पडला आणि दगडाचे तुकडे झाले. तिचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. ती सहसा रडत नाही.

'मेघना, तुझ्याकडे तो फोटो आहे ना? अब्बांना सेम तसाच नवा स्टोन बनवायचाय. आमच्यात कुणी काढलाच नाही बघ कधी, रोजचंच म्हणून. तुझाच एक आहे.'

माझाच एक आहे. मला माहीत होतं. लॅपटॉपमध्ये होता, त्या क्षणी माझ्यापुढे उघडा होता तो लॅपटॉप. पूर्ण फोटो, न कापलेला. पण तो दिला असता तर तो नव्या दगडावर गेला असता, शमीमच्या स्टेटसवर गेला असता, मंदारच्या फोनमध्ये दिसला असता. त्याने ओळखला असता. नानांना कळलं असतं. हे सगळं मी एका श्वासात मोजलं.

'तो फोन कधीच गेला गं,' मी म्हटलं. 'खलास. सगळे फोटो गेले त्यात.'

ती म्हणाली, 'असू दे. तू टेन्शन नको घेऊस.' माझं सांत्वन केलं तिने. माझं.

नवा दगड झाला. वर नाव, उर्दूत आणि मराठीत. खालचा अर्धा भाग अब्बांनी कोराच ठेवायला सांगितला. गवंडी म्हणाला, चाचा, नक्षी काढून देतो, मोकळं बरं दिसत नाही. अब्बा म्हणाले, राहू दे, कधी कळलं तर कोरू. हे मला शमीमनेच सांगितलं, हसत हसत, म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून. नाना म्हणाले होते ते 'राहू दे' मला आग लावून गेलं होतं. अब्बांचं ऐकलं आणि मी उठून स्वयंपाकघरात गेले, सिंकपाशी नळ सोडून उभी राहिले.

दोन वर्षांपूर्वी नाना गेले. मला वाटलं होतं, त्यांना दुखवायला नको म्हणून मी गप्प आहे. ते गेल्यावर तरी तोंड उघडायला हवं होतं ना? चार महिने अब्बा त्यानंतर जगले. चार महिने माझ्याकडे कुठलंच कारण नव्हतं, आणि तरीही मी गप्पच होते. म्हणजे नानांचं कारण खरं नव्हतंच. मग खरं काय होतं? लाज? की सवय? मी फार शोधलं. हाताला काही लागत नाही.

अब्बा गेल्यावर शमीम गावाहून परत आली, त्यानंतरचा पहिला शुक्रवार आमच्याकडे होता. मी सकाळी फ्रेम काढत होते. रेवा दारात उभी होती, तेव्हा सतरा वर्षांची.

'आई, व्हाय डू वी हाइड हिम व्हेन शमीम मावशी कम्स?'

मी म्हटलं, काच तडकलीय, बदलायला द्यायचीय. तिने काचेकडे पाहिलं. काच धड होती. तिने पुढे येऊन फ्रेमचं दुसरं टोक धरलं, आणि आम्ही दोघींनी मिळून ती पलंगाखाली ठेवली. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली.

दुपारी जेवताना शमीम शेवटच्या दिवसांबद्दल बोलत होती. अब्बांना भ्रम व्हायचा, जहाजावर आहोत असं वाटायचं. मध्येच शुद्धीवर आले की वाडीकडच्या खिडकीकडे बघायचे.

'म्हणायचे, काहीतरी चांगलंच लिहिलं असेल गं. इतक्या लांबून दगड पाठवला म्हणजे चांगलंच असणार.'

मी तिला वरण वाढलं. ती म्हणाली, बस, बस.

पलंग भिंतीच्या पलीकडेच होता. मजकूर मला तोंडपाठ होता, आहे. तोंड उघडायचं होतं फक्त. मी विचारलं, लोणचं देऊ का?

शमीमला मी अजून सांगितलेलं नाही. सांगेन, असंही इथे लिहीत नाही, कारण ते मी स्वतःला फारदा सांगून झालंय. येत्या शुक्रवारी ती येणार आहे. रेवा पुढच्या महिन्यात शिकायला बाहेर जाईल, मग फ्रेमचं दुसरं टोक धरायला कुणी नसेल.

दगडावर वर उर्दूत होतं: सुभेदार शेख दाऊद वल्द शेख हसन. खालचं इंग्रजी मराठीत आणायचं तर असं. 'सरहद्दीवर दोनदा लढला. माघारीचा हुकूम झाला तेव्हा जखमींना सोडून आला नाही. मागे वळला, एकेकाला पाणी पाजलं, आणि पाठीवर घेऊन आला. जे त्याच्यामुळे परत आले, त्यांनी हा दगड त्याच्या गावी पाठवला.'

चांगलंच लिहिलं होतं, अब्बा.

पूर्ण फोटो आत्ता माझ्यासमोर उघडा आहे. वरच्या कडेला, नावाच्या ओळींच्या बाजूला, एक तांब्या दिसतो, आणि तो धरलेला म्हातारा, शिरा आलेला हात. पाणी नुकतंच सुटलंय. नाव कापताना मी तोही कापला होता.